शकूअक्का, ती श्वासाची खूण

अक्का, ती खूण मी काढली. आधी एवढं ऐकून घे, मग बाकीचं बोलू. गौरीच्या पदातल्या तिसऱ्या ओळीत, ‘माजघरातुन’ या शब्दाच्या डोक्यावर जी पालथी चंद्रकोर बसवली होती, ती सिलेक्ट केली, डिलीट दाबलं, चित्र नव्याने सेव्ह केलं आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवून दिलं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं. तुझ्या लेकीने, पद्माने तर हात जोडले होते. तरी काढली. मी किती हट्टी आहे हे तुला ठाऊकच आहे, आणि या वेळी हट्ट माझा नव्हता, तुझाच होता.

श्रावणात तू गेलीस. लोक भेटायला आले, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, आणि मी एका कोपऱ्यात बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं ना. ‘पुढच्या सोमवारी बघू गं’ असं म्हणून तू फोन ठेवलास, आणि पुढचा सोमवार यायच्या आत निघून गेलीस. भांडण टाकून असं कुणी उठून जातं का?

मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा नवऱ्याच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीपायी पुणं सोडून नुकतीच बेंगळुरूला आले होते. इथे मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे असं कळलं म्हणून आले, आणि अदबीने म्हटलं, ‘तुम्हीच का शकुंतलाबाई?’ तू वरपासून खालपर्यंत बघितलंस. ‘अय्यो, अक्काला कोण तुमी म्हणतंय? तू म्हण. आनि बस. कापी घेतीस न्हवं?’ तुझी मराठी ऐकून मला हसू आलं होतं. ते तू बरोबर पकडलंस. ‘हस, हस. आमी हितं आलो तवा तुमचं पुणं स्वल्प एवढंसं होतं,’ असं म्हणून तू चिमूटभर मीठ धरावं तशी बोटं दाखवलीस. या शहरात मला पहिल्यांदा कुणीतरी चिडवलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आता मी इथे राहीन.

हे तुला कधी बोलले नाही. तुझ्यासमोर असलं काही बोलायची सोय कुठे होती? लगेच ‘सरी, सरी, बरं बरं, टाळ उचल’ म्हणाली असतीस.

मंडळाची खरी अडचण गळ्याची नव्हती, वाचण्याची होती. निम्म्या बायका माझ्यासारख्या, नोकऱ्यांच्या मागे महाराष्ट्रातून आलेल्या. त्यांना देवनागरीच येते. निम्म्या तुझ्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. घरात मराठी बोलतात, पण शाळा कन्नड, त्यामुळे मराठी पदसुद्धा कन्नड अक्षरांतच वाचतात. एकाच पदाचे दोन कागद व्हायचे. आणि चाल कुठल्याच कागदावर नसायची. चाल तुझ्या गळ्यात. तुझ्या आईकडून, तिच्या आईकडून आलेली, दुसरीकडे कुठे मी ऐकली नाही अशी.

म्हणून मी सरळ म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करून टाकू. आपलं पहिलं भांडण ते. तू फोनवर चक्क पालथा पंजा ठेवलास. ‘बेडा, नको. माझा आवाज घेऊन काय करनार तुमी? त्यात माझा खोकला येतोय, माझं नाक येतंय. बायका तेच उचलतात.’ मला ते नखरे वाटले. मग तू मालतीबाईंची गोष्ट सांगितलीस. आपल्या मालतीबाई, साताऱ्याच्या, अगदी शिस्तीच्या. त्यांनी एकदा चोरून तुझं एक पद रेकॉर्ड करून पाठ केलं होतं, आणि दर वेळी दुसऱ्या कडव्याच्या आधी न चुकता घसा खाकरायच्या. त्यांना ते चालीतलंच वाटलं होतं. मी पोट धरून हसले. भांडणात मात्र हार मानली नाही, हेही लक्षात ठेव.

मग तूच म्हणालीस, ‘तू त्या हाटेलांची मेनूकार्डं करतीस न्हवं कंप्यूटरवर? आमाला पदावर खुणा करून दे. कुठं ओढायचं, कुठं टाळ मारायचा, कुठं दम घ्यायचा. अक्षर कुनाचं कुठलं का असंना, खुणा सगळ्यांना एकच.’ इंदिरानगरच्या ऑफिसात दिवसभर मी डोशांचे आणि पिझ्झ्यांचे फोटो चकचकीत करत असते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये तुझी पदं येतील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

आधी खुणा नुसत्या मेसेजमध्ये टाइप करून बघितल्या. ‘सगळ्यांनी उचला’ म्हणून वरचा बाण टाकला, तर बायकांच्या फोनवर त्याचं निळं चौकोनी बटण झालं, आणि दोघी-तिघींनी ते दाबून बघितलं. काही होईना म्हणून मला फोन. तेव्हा ठरलं की प्रत्येक पदाचं चित्रच करायचं. चित्र सगळ्या फोनवर सारखं दिसतं.

मग मी घाईघाईने माउसने खुणा रंगवल्या. ब्रशने काढायला काय लागतं? एक वळसा मारला की झाली चंद्रकोर. तू चष्मा कपाळावरून नाकावर आणलास. ‘हा श्वास एवढा मोठा आनि हा एवढासा का?’ मी म्हटलं, अगं हाताने काढलंय, असंच येणार. ‘तुला म्हाइती हाय, त्यांना न्हाई. मालती मोठ्या खुणेला मोठ्ठा दम घेईल.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. सोमवारी भजनाला मालतीबाईंनी त्या मोठ्या चंद्रकोरीपाशी छाती फुगवून असा काही श्वास घेतला, की शेजारची बाई टाळ वाजवायला विसरली. तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या त्या बघण्याचा मला जास्त राग यायचा.

‘लिही. गिरगटू नको,’ हा तुझा नियम तेव्हापासूनचा. प्रत्येक खूण टाइप करायची. सगळ्या एका मापाच्या, आणि शब्दांपासून वेगळ्या थरावर, म्हणजे चुकली तर तेवढीच उचलून काढता येईल. मी तुला सॉफ्टवेअरमधला तो चिन्हांचा तक्ता उघडून दाखवला, तो दिवस मी विसरणार नाही. कीबोर्डवर कुठेही नसलेली चिन्हं, ओळीच्या ओळी. गणिताची, नाण्यांची, बाण, तारे, फुलं, कुठल्या कुठल्या भाषांचे ठिपके. आपल्याला हवं त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की ते कागदावर येऊन बसतं. तू खुर्ची ओढून जवळ आलीस. ‘अय्यो देवा, एवढी कुनाला लागतात गं?’ मग स्वतःच म्हणालीस, ‘लागली असतील कुनाला तरी. म्हनून केली असतील.’ आणि एकेक चिन्ह बघत बसलीस, कॉफी गार होईपर्यंत. बाजारात भाजी निवडावी तशी तू खुणा निवडल्यास. टाळाला भरीव गोल. ओढायला अवग्रह, तो ‘ऽ’. थांबायला दोन उभ्या रेघा. श्वासाला चंद्रकोर. ती सरळ ठेवली तर देवनागरीत ‘कॅ’वरच्या चंद्रासारखी दिसते, म्हणून पालथी.

आणि ते बारीक फूल. तू म्हणालीस, पदात अशी एक जागा असते की तिथे चाल मोकळी होते, तिथे प्रत्येकीनं आपल्या मनाचं म्हणायचं. त्याला मला काही केल्या चिन्ह सुचेना. तू तक्त्यावर बोट ठेवलंस, ‘हे फूल टाक.’ अगं पण फुलाचा अर्थ काय लावायचा त्यांनी? ‘हितं तुझं तू म्हन. एवढाच अर्थ.’ त्यावर तू लगेच आपलं जुनं भांडण उकरून काढलंस. ‘तुझ्या त्या रेकॉर्डिंगात अशी मोकळी जागा असते का गं?’ नसते, अक्का. कबूल. पण तेव्हा मी ‘विषय बदलू नकोस’ असं म्हटलं होतं.

आणि चौकोन आठवतात का? कन्नडचा फॉन्ट लावला आणि त्या फॉन्टात आपली चिन्हंच नव्हती. जिथे जिथे खूण, तिथे तिथे रिकामा चौकोन उमटला. मी न बघता पाठवून दिलं. आनेकलहून येणाऱ्या सरोजाने विचारलं, ‘चौकोन आला की काय करायचं?’ आणि तू, शहाणीच तू, एकेकीला फोन करून सांगितलंस, ‘चौकोन म्हंजे मेधाची झोप झाली न्हाई.’ त्या सोमवारी बायका चौकोनापाशी आल्या की माझ्याकडे बघून जांभई द्यायच्या. मी फणफणले. खुणांचा थर वेगळ्या फॉन्टात केला, कन्नड आणि देवनागरी दोन्हींवर तोच ठेवला, आणि शब्दांची रुंदी बदलली की प्रत्येक खूण सरकवून सरकवून जागेवर आणली. तेव्हापासून सरोजा आणि मालतीबाई वेगवेगळी अक्षरं वाचतात आणि एकाच जागी टाळ मारतात. हे आपण दोघींनी केलं, अक्का. मला याचा फार अभिमान आहे. आता सांगते, कारण आता तू मला गप्प करू शकत नाहीस.

गौरीचं पद आपण सगळ्यात शेवटी हातात घेतलं. तुझ्या घरात गौर उंबऱ्यातून आत आणताना म्हणायचं पद ते. तोवर तुझा दम कमी झाला होता. जिना चढलीस की भिंतीला हात लावून उभी राहायचीस आणि वर ‘काही न्हाई, बघतीय रंग कसा दिलाय’ म्हणायचीस. तू म्हणत होतीस आणि मी खुणा टाइप करत होते. तिसरी ओळ आली. ‘उंबरा ओलांडुन आली, माजघरातुन चालत गेली, देव्हाऱ्यापाशी जाऊन माय टेकली गं.’ लांबच लांब ओळ. ‘माजघरातुन’ म्हणालीस आणि थांबलीस. श्वास घेतलास, तोही आवाज होईल असा, आणि पुढे गेलीस. मी तिथे चंद्रकोर बसवली.

तू चित्र बघितलंस आणि म्हणालीस, ‘ही काढ.’

का काढू? तू थांबलीस की.

‘मी थांबले. चाल थांबत न्हाई. आमच्या आईनं ही वळ कधी तोडली न्हाई.’

मी म्हटलं, मी तुझ्याकडून शिकतेय, तुझ्या आईकडून नाही. तू म्हणतेस तसं लिहिणार.

तेव्हा तू चिडलीस. माझ्यावर खरोखर चिडलेली मी तुला तेवढीच एकदा बघितली. ‘अगं, गौर उंबऱ्यातनं निघाली की देव्हाऱ्यापाशीच टेकायची. तू तिला मधेच माजघरात उभी करतीस. दम माझा कमी पडतोय, तिचा न्हवं!’

मी नाही ऐकलं. मला ती जागा आवडायची, अक्का. त्या श्वासानंतर तुझा आवाज जो उचलायचा, तो ऐकून अंगावर काटा यायचा. मी म्हटलं, हीच तर या पदाची शान आहे. तू म्हणालीस, ‘दुखनं हाय ते माझं. पोरींना दुखनं शिकवू नको.’ मग फोनवरही तेच. दर दोन दिवसांनी तेच. शेवटी ‘पुढच्या सोमवारी बघू गं.’

तू गेल्यावर सगळ्यांनी आपापले फोन धुंडाळले. तुझा आवाज हवा होता. कुणाकडेही नव्हता, कारण तू कधी घेऊच दिला नाहीस. मालतीबाईंनीही त्यांचं ते चोरटं रेकॉर्डिंग लाजेने कधीच पुसलं होतं. शेवटी सरोजाला एका वाढदिवसाच्या व्हिडिओत तू सापडलीस. केक कापताहेत, आणि मागून तुझा आवाज, ‘अगं, तो फॅन स्वल्प कमी कर की, मेणबत्ती विझतीया!’ बस्स. एवढीच शकूअक्का उरली. आम्ही तो व्हिडिओ परत परत लावला आणि हसून हसून रडलो. मला तुझा इतका राग आला होता. मी सांगत होते ना? सांगत होते की नाही? एक पद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

पद्मा देवनहळ्ळीहून बस पकडून माझ्याकडे आली ती याच सगळ्यात. लेक तुझी, पण तुझ्यासारखी बोलत नाही, हळू बोलते. फोनवर गौरीच्या पदाचं चित्र मोठं करून तिने माझ्यासमोर धरलं. बोट बरोबर त्या चंद्रकोरीवर. ‘मेधाक्का, आईचा आवाज न्हाई ऱ्हायला. पन हितं तिचा श्वास हाय. ह्या वर्षी सगळ्या हितं थांबतील, तवा मला ती ऐकू येईल. ही कधी काढू नको.’

सांग, काय म्हणायला हवं होतं मी? मी तिला जवळ घेतलं. चहा केला. मग सांगितलं की ही काढ म्हणून तूच मागे लागली होतीस. गौर माजघरात उभी राहते, हेही सांगितलं. पद्माने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आईनं तुला सांगितलं. मला न्हाई सांगितलं.’ तिचं चुकत नव्हतं. मंडळातल्या बायकाही तिच्याच बाजूच्या. मालतीबाई म्हणाल्या, अहो, अक्कांची आठवण म्हणून तरी राहू द्या, कुणाचं काय जातंय?

मीही तेच म्हणत होते की. तू असताना तुझ्याशी भांडताना माझं तेच म्हणणं होतं. आणि आता सगळं जग माझ्या बाजूने झालं, तर मला ते सहन होईना. माझ्यासमोर पुढची पंचवीस-तीस वर्षं दिसायला लागली. सरोजाची मुलगी म्हणेल, तिच्याकडून आणखी कुणी शिकेल, आणि सगळ्याजणी धडधाकट फुप्फुसांनी त्या जागी धापा टाकतील. पद आजारी पडेल, आणि सगळ्या म्हणतील, अशीच चाल आहे. मालतीबाईंच्या खाकरण्यासारखं. तू त्याला हसली होतीस. याला मात्र तू हसली नसतीस, एवढं मला नक्की कळत होतं.

तुझा श्वास मला हवा आहे, अक्का. फार हवा आहे. पण तो माझा मला, पद्माचा पद्माला. तो पदाच्या गळ्यात बांधायचा नाही.

फाइल उघडली. खुणांचा थर वेगळा, म्हणून बाकी कशालाही धक्का न लागता तेवढीच चंद्रकोर निघाली. ब्रशने रंगवलेली असती तर पुसताना खालचं अक्षर खरवडलं गेलं असतं. गेली ती, आणि ओळ कशी स्वच्छ दिसायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधे काही नाही. खाली दोन शब्द लिहून चित्र पाठवलं: ‘अक्काचं म्हणणं.’ पद्माने बघितल्याचं फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही.

गौर काल आली. तुझ्या घरी यंदा सण नाही, म्हणून मंडळाची गौर मालतीबाईंकडे. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. पद्मा येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, आणि सगळ्यात मागे, दाराच्या कडेला उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. सुरुवात कोण करणार हे कुणी विचारलं नाही, सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझा आवाज काय लायकीचा आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण उचलला.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मालतीबाई गौर घेऊन पावलांवरून चालायला लागल्या. तिसरी ओळ आली. मी ‘माजघरातुन’ म्हटलं आणि थांबले.

कागदावर काही नव्हतं, अक्का. माझ्या हाताने मीच पुसलेलं. तरी माझ्या कानात तू श्वास घेतलास. माझं तोंड उघडं, आवाज नाही. आणि बाकीच्या गेल्या. सरोजा गेली, सगळ्या गेल्या, आणि त्या सगळ्यांच्या वर मागून एक आवाज आला, जो मी याआधी कधी मोकळा ऐकलाच नव्हता. पद्मा. ‘चालत गेली, देव्हाऱ्यापाशी जाऊन माय टेकली गं.’ एका दमात. ‘गं’पर्यंत. मालतीबाईंचं पाऊलही कुठे अडलं नाही, ‘टेकली’ला गौर पाटावर टेकली.

मी चौथ्या ओळीला त्यांना जाऊन मिळाले.

आरती झाल्यावर पद्मा माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे दोघींचेही ओलेच. तिने माझ्या हातावर हळदीकुंकवाची बोटं तशीच ठेवली आणि म्हणाली, ‘खूण तूच काढलीस, आनि तूच थांबलीस की गं मेधाक्का.’

‘थांबले,’ मी म्हटलं. ‘तुम्ही कुणी थांबला नाहीत ना, मग झालं.’